बेल वाजली, पण एक की दोन?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, मी फलटणला एसटीत कंडक्टर आहे. धाकटी लेक २० वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बारावीपासून तिचं ऐकण्याचं बिघडलं. हाक मारली की वळून बघते, पण काय बोललो ते तिला उमगत नाही. फोनवर तर काहीच नाही. कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, बेरासुद्धा. म्हणाले, कान चांगला आहे, नस कमजोर आहे. एका दुकानातून दोन्ही कानांची मशीनं घेतली. ५८ हजार गेले, सोसायटीचं कर्ज काढलं. दोन महिने घातली, आता डबीत पडून आहेत. म्हणते, 'आवाज मोठा येतो, शब्द नाही.' तिची आई म्हणते, पोरीला मशीन घालायची लाज वाटते. दुकानदार म्हणतो, ही साधी आहेत, सव्वा लाखाची घ्या, मग फरक पडेल. घ्यावीत का? का नसेच्या आजारात मशीनचा उपयोगच नसतो? पुढं स्थळंही बघायची आहेत. रिपोर्टच्या झेरॉक्स जोडल्यात."
— एक वाचक, फलटण

भाऊ, नमस्कार.

आधी व्यवहाराचं बोलून टाकते. सव्वा लाखाची मशीनं आत्ता घेऊ नका. डबीतली फेकूही नका. आणि 'लाजतेस म्हणून घालत नाहीस' असं घरात जे कुणी म्हणत असेल, त्यांना आजपासून थांबवा. 'आवाज मोठा येतो, शब्द नाही' हे तिचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. चार पानी रिपोर्टमधून मी जे शोधणार होते, ते तिनं पाच शब्दांत सांगून टाकलंय.

झेरॉक्स बघितल्या. पहिल्या पानावर तो आलेख आहे, बीप ऐकू आली की बटण दाबायचं त्या तपासणीचा. उजवा कान ४० डेसिबल, डावा ४५. आकडा जितका मोठा, तितकं ऐकू येणं कमी. सौम्य आणि मध्यम यांच्या सीमेवरचा दोष. एरवी अशा कानांना मशीन लावलं की माणूस खूश होऊन घरी जातो. पण आलेखाचा उतार बघा. वय झालेल्या माणसाचा आलेख डावीकडून उजवीकडे घसरत जातो, कारण बारीक आवाज आधी जातात. तुमच्या लेकीचा उलटा चढत गेलाय. खर्जातले, जाड आवाज कमी येतात, बारीक आवाज बरे येतात. विशीतल्या मुलीचा असा चढता आलेख समोर आला की मी पेन खाली ठेवते आणि दुसरं पान उलटते.

दुसऱ्या पानावर शब्द ओळखण्याची तपासणी आहे. हे पान तुम्हाला कुणी वाचून दाखवलं नसणार. उजवा २८ टक्के, डावा २४. यादीत २५ शब्द असतात, प्रत्येकाला ४ टक्के. म्हणजे बंद खोलीत, पंखासुद्धा बंद, आरामात ऐकू येईल एवढ्या मोठ्या आवाजात तिला उजव्या कानानं ७ शब्द कळले आणि डाव्यानं ६. याच ४०-४५ डेसिबलचा साधा दोष असलेला माणूस सहसा ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. कळण्याचं नुकसान ऐकू येण्याच्या नुकसानापेक्षा इतकं मोठं असणं, हीच या आजाराची, ऑडिटरी न्यूरोपॅथीची, ओळख.

तिसऱ्या पानावर ओएई, म्हणजे आतल्या कानाची तपासणी, 'पास' आणि चौथ्यावर बेरा, म्हणजे नसेची तपासणी, तिच्यात एकही लाट नाही. दोन्ही एकदम कसं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, पडायलाच हवा. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारखे तुरे असलेल्या बारीक पेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगांतल्या पेशी आवाज आला की स्वतः हलतात आणि एक अगदी क्षीण आवाज उलटा बाहेर पाठवतात. तो मायक्रोफोननं टिपणं म्हणजे ओएई. तिच्या या पेशी धडधाकट आहेत. बेरा त्यापुढची वाट तपासते: आतल्या रांगेतल्या पेशीपासून नसेत आणि नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत संदेश कसा जातो ते.

आता ही गोष्ट माझ्यापेक्षा तुम्हाला चांगली कळेल. तुम्ही दोरी ओढता, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बेल वाजते. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. ड्रायव्हरला बेल ऐकू येणं पुरत नाही. दोन ठोक्यांच्या मधली ती एवढीशी फट कळली तरच एक की दोन ते ठरतं. आता समजा दोरी अशी सैलावलीय की ठोका घरंगळत, लांबत जातोय, दुसरा ठोका पहिल्याच्या शेपटावर पडतोय. ड्रायव्हरला बेल येतेय, चांगली मोठी येतेय. पण थांबू की निघू?

कानाच्या नसेत साधारण ३० हजार तंतू असतात. एक आवाज आला की हजारो तंतूंनी एकाच क्षणी ठोका द्यायचा असतो. या आजारात तंतू ठोका देतात, पण मागेपुढे, आपापल्या सोयीनं. बेरामध्ये यंत्र हजारभर टिकटिक ऐकवून त्यांच्या उत्तरांची बेरीज करतं. ठोके एका क्षणी पडले तरच त्या बेरजेत लाट दिसते, मागेपुढे पडले तर सपाट रेघ. म्हणून बेरा कोरी आली म्हणजे पोरगी ठार बहिरी, असं नव्हे. उलट कुणी तसं म्हणालं असेल तर त्यानं पहिलं पान बघितलेलं नाही.

चांगल्या कानाला दोन-तीन मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या दोन-तीन हजारांशांची, फट कळते. या आजारात कित्येकांना वीस मिलिसेकंद किंवा त्याहून मोठी फट लागते. बोलणं तर अशा फटींवरच उभं आहे. टाळ की डाळ, पोट की बोट, काल की गाल, हे घशातला कंप ओठ-जीभ उघडण्याच्या आधी सुरू झाला की नंतर, एवढ्याशा वेळेच्या फरकावर ठरतं. ती फटच बुजली की 'पोट दुखतंय' आणि 'बोट दुखतंय' एकच.

या आजाराला ऑडिटरी न्यूरोपॅथी हे नाव मिळालं १९९६ मध्ये. अर्नॉल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात दहा रुग्णांची हकीकत लिहिली तेव्हा. २००८ मध्ये इटलीतल्या कोमो इथल्या परिषदेत त्याला 'स्पेक्ट्रम डिसऑर्डर' ही शेपटी जोडली गेली, कारण बिघाड दर वेळी नसेतच असतो असं नाही. कधी तो आतल्या पेशीत असतो, कधी पेशी आणि नस यांच्या सांध्यात. 'नस कमजोर' हा आपल्याकडचा शब्द यातल्या सगळ्यालाच लावतात आणि मधुमेहात पायाला मुंग्या येतात त्यालाही. त्यावरून टॉनिकच्या बाटल्या खपतात. तिचं बी-१२ तपासून कमी आलं तर गोळ्या जरूर द्या, पण नसेचा ठोका परत जागेवर आणणारं औषध आज नाही, त्यापायी पैसे घालवू नका.

ते नाव यायच्या आधीची एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या घरात जे चाललंय ते मीही केलंय. कान तपासायच्या नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. बीपचा आलेख बराच चांगला आणि शब्द म्हणायला सांगितले की पंचवीसपैकी दोन-तीन. मी तीनदा तपासलं, प्रत्येक वेळी तेच. शेवटी मी कागदावर लिहिलं, 'सहकार्य करत नाही, सोंग असण्याची शक्यता.' आईनं तो कागद बाहेरच्या बाकावर कुणाकडून तरी वाचून घेतला आणि तिथंच पोरीच्या थोबाडीत दिली. त्याचा आवाज आत माझ्या खोलीत आला. अकरावी-बारावीतल्या मुलींवर असा शिक्का सहज बसतो. परीक्षा नको म्हणून, लग्न नको म्हणून, भाव खायला म्हणून. मैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेनं आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा नसेकडच्या बहिरेपणाच्या दर १८३ जणांमागे या आजाराचा एक असा निघाला. निम्म्याहून जास्त जणांची सुरुवात १४ ते २४ या वयात, आणि मुलांपेक्षा मुली दुप्पट. तुमची लेक त्या चौकटीत नेमकी बसते.

आता तुमचा प्रश्न. मशीन करतं काय? दोरी जोरात ओढतं. घरंगळलेला ठोका आणखी मोठ्यानं घरंगळतो. मग उपयोग शून्य का? तसंही नाही. जेवढा आवाज पोचतच नव्हता तेवढा तरी पोचतो, आणि ज्यांचे ठोके थोडेच हललेत त्यांना त्याचा फायदा होतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गॅरी रॅन्स आणि सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या मुलांचा अभ्यास २००२ मध्ये छापला. साधारण निम्म्या मुलांना मशीननं शब्द कळण्यात खरा फायदा झाला, निम्म्यांना जवळजवळ काहीच नाही. आणि बीपचा आलेख बघून कुणाला फायदा होणार हे सांगता येत नव्हतं. तुमच्या लेकीसारखं मोठेपणी सुरू झालेल्यांत फायदा होणारे कमीच भेटतात, आणि भेटतात तेही बहुधा ज्यांचे मुळातले शब्दांचे मार्क बरे असतात असे. २४-२८ टक्के ही काही उत्साह वाटावा अशी सुरुवात नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण आजमावल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही, आणि आजमावल्याशिवाय पैसेही द्यायचे नाहीत. तुमच्या बाबतीत पैसे आधी गेले, आजमावणं राहून गेलं.

तर आहेत तीच मशीनं घेऊन दुकानात जा. डिजिटल आहेत, संगणकाला जोडून त्यांचं सेटिंग बदलता येतं, नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. त्याला सांगायचं की खर्जाची वाढ काढून टाक. दुकानदारानं बहुतेक आलेख बघून जिथं ऐकू कमी येतं तिथं आवाज जास्त वाढवलाय, म्हणजे नेमका खर्ज. साध्या बहिरेपणात ते बरोबर असतं. पण खर्जातले सूर कान वेळेच्या हिशेबानं ओळखतो, आणि वेळेचंच घड्याळ तर तिचं बिघडलंय. शिवाय इंजिनाची घरघर, पंखा, स्टँडवरचा गोंगाट हा सगळा बहुतांश खर्जातला माल. तो वाढवून काय मिळणार? खर्ज छाटून फक्त वरचे आवाज वाढवले तर अशा काही रुग्णांना शब्द बरे कळतात, यावर मैसूरच्या त्याच संस्थेत काम झालेलं आहे. दुसरं सांगायचं, जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा खाली ठेव. तिच्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी अजून चांगल्या आहेत, त्यांच्यावर उगाच मारा नको. त्या पुढं आपोआपही थंड पडू शकतात, म्हणून वर्षातून एकदा ओएई करून घ्यायची. तिसरं, माइक समोरचा आवाज घेणारा ठेव, चहूबाजूंचा नको.

मग घरी एक तपासणी करा. दुकानातल्या 'कसं वाटतंय आता?' या प्रश्नावर माझा भरवसा नाही. समोर विकणारा उभा असला की माणूस 'बरं वाटतंय' म्हणतो. वहीत रोजच्या वापरातल्या दोन-दोन अक्षरी शब्दांच्या चार याद्या करा, प्रत्येकीत २५. दार, गाल, पोट, साडी, भात, असे कुठलेही. यादी तिला दाखवायची नाही. एकानंच वाचायच्या, तुम्हीच वाचा. तोंडासमोर एक पातळ ओढणी धरायची, म्हणजे ओठ दिसत नाहीत आणि आवाजही अडत नाही. मोठ्यानं ओरडायचं नाही, जेवताना बोलता तसंच. एक यादी मशीनशिवाय, शांत घरात. दुसरी मशीन लावून, शांत घरात. तिसरी मशीनशिवाय, टीव्ही चालू ठेवून. चौथी मशीन लावून, टीव्ही तेवढाच चालू. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहायचं, 'बोट' म्हणाली तर 'बोट'. दोन-तीन शब्द इकडेतिकडे झाले तर तो फरक धरू नका, एवढं तर एकाच माणसाचं सकाळ-संध्याकाळ हलतं. सहा-सात शब्द वाढले आणि पुढच्या रविवारी याद्या अदलाबदल करून पुन्हा तेवढेच वाढले, तर मशीन कामाचं आहे. नाही वाढले तर सव्वा लाखाच्या मशीननंही वाढण्याची आशा धरू नका. महाग मशीनमध्ये जास्त चॅनेल असतात, ब्लूटूथ असतं, गोंगाट दाबायची सोय असते. नसेचा ठोका जागेवर आणायची सोय कुठल्याच किमतीच्या मशीनमध्ये नाही.

याद्या संपल्या की पाचवी एक करा, ओढणी बाजूला ठेवून, उजेडात, समोरासमोर बसून. या वेळचे मार्क बघून तिच्या आईला काय ते कळेल. पोरगी तोंडाकडे बघून निम्मं ऐकतेय. म्हणूनच फोनवर तिला काहीच येत नाही, तिथं तोंड नाही.

पैसे घालायचेच असतील तर मी ते वेगळ्या जागी घालेन. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा बिनतारी माइक मिळतो, तो आवाज थेट मशीनमध्ये पाठवतो. वर्गात सर तीन मीटरवर उभे असतात. माइक त्यांच्या तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आला की अंतर वीसपट कमी झालं. मोकळ्या जागेच्या हिशेबानं त्यांचा आवाज गोंगाटापेक्षा तब्बल २६ डेसिबलनं वर येतो. घड्याळ दुरुस्त होत नाही, पण बिघडलेल्या घड्याळाला निदान एकाच बेलकडे लक्ष द्यायचं उरतं. फ्रीड्रिक अटॅक्सिया नावाच्या आजारात नसेचं असंच होतं. मेलबर्नच्याच मंडळींनी अशा रुग्णांना हा माइक देऊन बघितला आणि त्यांचं शब्द कळणं सुधारलं. फक्त हाही उसना घेऊन, वर्गात दोन-चार दिवस वापरून मगच घ्यायचा. आणि तुमच्या मशीनशी तो जुळतो का, हे आधी विचारा. तोवर फुकटातला उपाय म्हणजे अँड्रॉइड फोनवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे ॲप. समोरचा बोलतो ते मराठीत उमटत जातं. गावांची, माणसांची नावं ते भयंकर लिहितं, गोंगाटात गडबडतं, पण सरांच्या टेबलावर फोन ठेवला तर विज्ञानाचा तास बऱ्यापैकी निघतो.

घरच्यांनी काय करायचं तेही सांगते, ते मशीनपेक्षा अवघड आहे. स्वयंपाकघरातून ओट्याकडे तोंड करून हाक मारायची नाही. आधी नाव घ्यायचं, तिनं बघितलं की बोलायचं. सावकाश, शब्दाशब्दात जरा जागा सोडून. ओरडल्यानं शब्द फाटतात. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला. 'पोट' कळत नसेल तर 'जेवण पचलं नाही का' विचारा. आणि कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही चालू असताना महत्त्वाचं बोलणं काढूच नका.

कॉक्लिअर इम्प्लांटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. त्यात शस्त्रक्रियेनं शंखात तार बसवतात आणि विजेचा ठोका थेट नसेला देतात. विजेचा ठोका सगळ्या तंतूंना एकदम बसतो, म्हणून काहींना मशीननं जे दिलं नाही ते यानं मिळतं. बिघाड पेशीत किंवा सांध्यात असेल तर निकाल चांगले येतात. बिघाड खुद्द नसेत असेल तर कुणाला बरे, कुणाला फारच कमी, आणि नस मुळातच बारीक असेल तर निराशा. त्यासाठी एमआरआय करून नस बघावी लागते. लाखांचा खर्च आणि परतीची वाट नाही, त्यामुळे आज ती पायरी नाही. सहा महिने वरचं सगळं करून झाल्यावर तो विषय. व्हॉट्सॲपवर तुम्हाला 'जीन थेरपीनं बहिरी मुलं ऐकू लागली' हेही येईल. बातमी खरी आहे. शांघायच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये छापलं की सहापैकी पाच मुलांना फायदा झाला. पण ती ओटोफर्लिन या एका जनुकाच्या दोषानं जन्मतः बहिरी असलेली मुलं होती. तुमच्या लेकीची गोष्ट बारावीत सुरू झालेली.

इम्प्लांटपेक्षा आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. हे मात्र टाळू नका. स्टार यांच्या त्या दहा रुग्णांपैकी आठ जणांत पुढं हातापायांच्या नसांचाही आजार दिसला. तिला विचारा: पायातली चप्पल निसटली तर कळते का? अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? तळपाय बधिर वाटतात का? नजर मंदावलीय का? या प्रश्नांना ती 'नाही' म्हणाली तरी एकदा तपासून घ्या, आणि डोळेही. जनुकाची तपासणी करायची का ते तेच डॉक्टर सांगतील.

इथं जरा थांबते, कारण हे सदर तान्ह्या बाळांचे आईबापही वाचतात. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल किंवा कावीळ इतकी वाढली होती की रक्त बदलावं लागलं, तर नुसत्या ओएईच्या 'पास' कागदावर विसंबू नका. वर सांगितलंच, ओएई फक्त बाहेरच्या पेशी बघते. अशा बाळाची बेरा हवीच. आणि बेरा कोरी आली म्हणून लगेच जोरदार मशीन लावायचीही घाई नको, काही बाळांची नस पहिल्या वर्ष-दीड वर्षात सुधारते. सहा-सात महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवायला लागलं की त्यावरून ठरवता येतं.

बरं, प्रमाणपत्र. तुम्ही लिहिलं नाहीत, पण नोकरीतला माणूस हा विचार करतोच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांनी ६० डेसिबलच्या पुढे गेलं तर 'कमी ऐकू येणारी' आणि ७० ला 'बहिरी'. मोजमाप बीपचं. तुमची लेक ४०-४५ वर आहे, म्हणजे २५ शब्दांतले १८-१९ शब्द चुकूनही सरकारी हिशेबात तिला ऐकू येतं. मला हे पटत नाही, पण आज नियम तो आहे. तरी दर वर्षी दोन्ही तपासण्या करून कागद जपून ठेवा. या आजारात आलेख वरखाली होतो, आणि कॉलेजला पहिला बाक किंवा तोंडी परीक्षेत लिहून प्रश्न मागायला डॉक्टरांचं पत्र पुरतं. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी. तिथं शब्दांची तपासणी नीट होते आणि समोर विकणारा कुणी नसतो. मुंबईची गाडी तुम्हाला परकी नाही, एकदा नेऊन आणा.

स्थळांचं मात्र मी काय सांगू? तिचं शिक्षण व्हायचंय. पुढं कधी बघाल तेव्हा लपवू नका, लपणारही नाही. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीला पाच जण एकदम प्रश्न विचारतात, तो प्रसंग तिच्या कानांसाठी स्टँडवरच्या गोंगाटाहून वाईट. आणि हे सांगायचं कसं, कधी, कुणाला, ते तिला विचारा. तुमच्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, तेही तुम्ही सांगितलेलं.

म्हणून एक विनंती. मशीनचे सेल दोन महिन्यांत उतरले असतील, नवे टाका, खर्ज कमी करून आणा, याद्या करा. पाच याद्यांचे मार्क मला कळवा. पण या वेळचं पत्र तिला लिहू द्या.